पल्सर १५० ला २२० एफची फेअरिंग: हँडल अडतं, खडखड होते, तडे जातात, उजेड भरकटतो – काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

पल्सर १५० किंवा १८० चं पुढचं डूम (दिव्याभोवतीचं छोटं आवरण) उतरवून तिथे २२० एफची फेअरिंग, म्हणजे दिवा आणि काच सामावणारं मोठं प्लास्टिकचं आवरण, चढवणं ही आपल्याकडची जुनी हौस. कल्पना वावगी नाही. २०१९ मध्ये बजाजनेच १८० ला त्याच धाटणीची फेअरिंग देऊन १८० एफ आणली होती. फरक एवढाच, की कारखान्यात फेअरिंग बसते तेव्हा तिच्यासोबत ब्रॅकेट, केबलची वाट, वायरिंगची लांबी असं सगळंच बदललेलं असतं. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा बदलतं ते फक्त प्लास्टिक. पंधरा दिवस गाडी झकास दिसते, मग तक्रारी सुरू होतात, आणि त्या जवळपास प्रत्येक गाडीवर त्याच असतात.

त्यांचं मूळही एकच आहे. १५० वर दिवा, मीटर, इंडिकेटर, आरसे असं समोरचं सगळं हँडलबरोबर फिरतं. २२० एफवर दिवा, काच आणि आरसे चेसिसला धरलेले असतात आणि हँडल त्यांच्या मागे एकटं फिरतं. फेअरिंग बदलली की फिरणारं काय आणि स्थिर काय, यांच्यामधली हद्दच सरकते. ही हद्द ओलांडून जाणाऱ्या वस्तू बोटांवर मोजता येतात: दोन्ही स्विचच्या वायरी, एक्सलेटर केबल, क्लच केबल, पुढच्या ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी), आणि मीटर हँडलवरच ठेवला असेल तर त्याची वायर. खालची निम्मी लक्षणं या पाच-सहा वस्तूंची आहेत. उरलेली निम्मी ब्रॅकेटची आणि बोल्टची. फेअरिंग स्वतः क्वचितच गुन्हेगार असते.

लक्षणं

- हँडल पूर्ण वळवलं की लिव्हर, स्विच किंवा बोटं फेअरिंगला लागतात. गल्लीत यू-टर्न बसत नाही, हँडल लॉक लागत नाही.
- हँडल वळवताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) आपोआप वाढतो किंवा क्लच अर्धवट सुटतो.
- हँडल एका बाजूला नेलं की हॉर्न वाजतो, इंजिन बंद पडतं, नाहीतर दिवा जातो.
- ठरावीक आरपीएमला किंवा खड्ड्यात खडखड, फरफर.
- बोल्टच्या भोकापासून निघालेले केसासारखे तडे.
- उजेड झाडांवर किंवा थेट चाकापुढे पडतो, खड्ड्यात थरथरतो, पिवळट वाटतो.
- हॉर्नचा आवाज बसला.
- पावसात दिव्याच्या आत थेंब.
- वेगात हँडल हलकं लागतं किंवा डुलतं.

यातल्या पहिल्या तीनपैकी कोणतंही किंवा शेवटचं लक्षण दिसत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. बाकीचं सवडीने करता येतं.

हत्यारं फार लागत नाहीत: १० चा टी-पाना, ४ आणि ५ ची अ‍ॅलन की, स्टार स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, साधा मल्टिमीटर, केबल टाय, जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा आणि कणकेचा गोळा.

१. हँडल टोकापासून टोकापर्यंत

फुकटातली तपासणी, म्हणून पहिली. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद. हँडल सावकाश डावीकडे पूर्ण न्या, मग उजवीकडे. कान द्या. टोकाला पोहोचल्यावर आवाज लोखंडाचा लोखंडावर आला पाहिजे, कारण टी-वरचा, म्हणजे दोन्ही शॉकअप धरणाऱ्या लोखंडी जोडावरचा, स्टॉपर चेसिसवरच्या स्टॉपरला टेकतो. प्लास्टिकचा दबका आवाज आला, तर हँडल फेअरिंगवर अडतंय. मग गाडी पडली की सगळा मार फेअरिंगच्या ब्रॅकेटवर जातो. शिवाय वळणात हँडल अचानक थांबल्यासारखं वाटतं.

नेमकी किती जागा उरते हे डोळ्यांनी कळत नाही. कणकेच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून फेअरिंगच्या आतल्या बाजूला चिकटवा: क्लच लिव्हरच्या टोकासमोर, ब्रेक ऑइलच्या डबीसमोर, दोन्ही स्विचसमोर. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि दबलेल्या गोळीची जाडी पट्टीने मोजा. लिव्हर आणि डबीपाशी किमान १० मिलिमीटर उरले पाहिजेत, बाकी ठिकाणी ६ चालतात. यापेक्षा कमी जागा उभ्या गाडीवर पुरेशी वाटते, पण खड्ड्यात फेअरिंग आणि हँडल दोन्ही आपापल्या चालीने हलतात आणि लिव्हर आतून प्लास्टिक घासते. हीच चाचणी लिव्हर दाबून पुन्हा करा. मग मूठ धरून करा. टाकी आणि मूठ यांच्यामध्ये अंगठा चेपत असेल तर जागा कमी आहे, मग कणिक काहीही म्हणो.

जागा कमी निघाली तर आधी लिव्हर आणि स्विचचे क्लॅम्प सैल करून थोडे फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर फेअरिंग ब्रॅकेटवर पुढे सरकवावी लागेल. जुन्या गाड्यांवरचं एकसंध पाइपाचं हँडल तसंच ठेवून २२० ची फेअरिंग बसवली असेल, तर हा त्रास हटकून येतो. ती फेअरिंग दोन तुकड्यांच्या क्लिप-ऑन हँडलसाठी घडवलेली आहे.

स्टॉपरवर वेल्डिंगचा थेंब टाकून हँडलची फेरी कमी करण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो करू नका. गाडीला वळायला जास्त जागा लागते, आणि हँडल लॉकची खीळ तिच्या खाचेसमोर येत नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये गाडी बिनलॉकची राहते.

२. हँडल फिरवताना आरपीएम

उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. इंजिन गरम झाल्यावर आयडल (मूठ न पिळता इंजिनचा वेग) साधारण १४०० ला असताना हँडल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. काटा जागचा हलता कामा नये. हलला तर एक्सलेटर केबल ताणली जातेय. यू-टर्नमध्ये हँडल पूर्ण वळलेलं असतं, पाय जमिनीजवळ असतात, आणि नेमकी तेव्हाच गाडी स्वतःहून पुढे ओढते. माणसं यातच पडतात.

कारण जवळपास नेहमी सारखंच असतं. डूम काढताना केबल तिच्या मूळ कडीतून निघाली आणि परत जाताना फेअरिंगच्या ब्रॅकेटच्या चुकीच्या बाजूने गेली. केबलला हँडलच्या पाइपासमोरून (चेसिसचा तो पाइप, ज्यात हँडल फिरतं) मोठं, मोकळं वळण लागतं. काटकोन झाला किंवा ब्रॅकेट आणि चेसिस यांच्यामध्ये ती चेपली, की संपलं. केबल टायने ती ब्रॅकेटला आवळून बांधलेली दिसली तर टाय कापा. टाय केबलला वाट दाखवण्यासाठी असतो, सैल हवा. वाट सुधारल्यावर मुठीत दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल ठेवा.

तरीही ताण राहिला तर केबल आखूड पडतेय. लांब केबल घ्या. अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घालून चाल काढली तर ती आज मिळते, पण महिन्याभरात केबलच्या तारा तुटू लागतात. क्लच केबलला हाच न्याय.

याच वेळी ब्रेकचा होज पाहून घ्या. त्यासाठी पुढचं चाक हवेत उचला, म्हणजे शॉकअप पूर्ण लांबतो, आणि मग हँडल दोन्ही टोकांना न्या. चाक जमिनीवर असताना सैल दिसणारा होज या स्थितीत तारेसारखा ताठ होऊ शकतो. झाला, तर पुढे स्वतः काही करू नका. होज बदलणं, त्याचे बोल्ट आणि तांब्याचे वायसर, हवा काढणं हे ब्रेकचं काम जाणणाऱ्या मेकॅनिकचं आहे.

३. खडखड कुठून येते

खडखड शोधायला दोन माणसं लागतात. एकाने न्यूट्रलमध्ये आरपीएम हळूहळू चढवायचा, आवाज जिथे सुरू होतो तिथे धरून ठेवायचा. दुसऱ्याने तळहाताने एकेक भाग दाबत जायचं: काच, आरशाचा दांडा, फेअरिंगचे दोन अर्धे जिथे जुळतात ती शिवण, नंबर प्लेट, हॉर्न. हात ठेवल्यावर आवाज मिटला की जागा सापडली. अंदाजाने सगळे बोल्ट आवळत सुटू नका. खडखड थांबत नाही, तडे मात्र नवे मिळतात. त्याचं कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

फेअरिंग गच्च वाटते आणि तरी आतून टकटक येते, तेव्हा सहसा जुन्या वायरिंगचे कप्लर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) असतात. १५० वर ते डूमच्या आत बसलेले असतात. डूम गेलं की त्यांचं घर गेलं, आणि ते फेअरिंगच्या आत लोंबकळत प्लास्टिकवर आपटतात. ते एकत्र करून सायकल ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळा आणि ब्रॅकेटला बांधा, तोंड खाली ठेवून, म्हणजे पाणी आत साचणार नाही.

हॉर्नचं वेगळं सांगायला हवं. हॉर्न पातळ पोलादी पट्टीवर लटकतो तो मुद्दाम, कारण वाजताना त्याला स्वतः थरथरावं लागतं. फेअरिंगची आतली कड त्याला नुसती टेकली तरी आवाज घशात अडकल्यासारखा होतो आणि फेअरिंग भुणभुणते. लोक नवा हॉर्न आणतात, तोही बसकाच वाजतो. पट्टी जराशी वाकवून चारी बाजूंनी बोटभर मोकळं करा, जुनाच हॉर्न खणखणीत वाजेल.

नंबर प्लेट खडखडत असेल तर तिच्या मागे रबराची पट्टी द्या. हाय सिक्युरिटी प्लेट असेल तर तिचे लॉक फोडू नका, ते एकदाच बसतात. प्लेट ब्रॅकेटसकट उतरवा.

४. बोल्ट, रबर आणि कॉलर

इथे वेळ द्या, कारण फेअरिंगचं आयुष्य या चार तुकड्यांवर ठरतं.

कारखान्यातला जोड असा असतो: प्लास्टिकच्या भोकात खाच असलेलं रबर ग्रोमेट, ग्रोमेटच्या आत पत्र्याची किंवा पितळी नळी म्हणजे कॉलर, वर रुंद वायसर, आणि त्यातून एम६ बोल्ट. बोल्ट आवळला की जोर येतो कॉलरवर. कॉलर ब्रॅकेटला टेकते आणि बोल्ट थांबतो. प्लास्टिक रबरात तरंगत राहतं. कॉलर ग्रोमेटपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने आखूड असली की पुरतं, रबर तेवढंच दबतं. असा जोड बरोबर बसला असेल तर बोल्ट पूर्ण आवळलेला असूनही फेअरिंग दोन बोटांनी किंचित हलवता येते. ती सैल राहिलेली नाही, ती तशीच हवी.

दुसरीकडून आणलेल्या फेअरिंगसोबत ग्रोमेट आणि कॉलर बहुधा येत नाहीत. मग बोल्ट थेट प्लास्टिकवर आवळला जातो. खडखड आली की अजून अर्धा फेरा. साधारण ३ मिलिमीटरचं प्लास्टिक वायसरखाली चेपतं, भोकाच्या कडेला पांढुरकी रेघ उमटते. नखाने लागते ती. ही तड्याची पहिली खूण. या टप्प्यावर थांबलात तर फेअरिंग वाचते.

एक बोल्ट काढा आणि पाहा. कॉलर नसेल तर सगळे काढा. प्लास्टिकची जाडी, भोकाचा व्यास आणि बोल्टचा आकार कागदावर लिहून स्पेअरच्या दुकानात जा. तिथे ग्रोमेट आणि कॉलर सुटे मिळतात आणि किरकोळ पैशांत येतात. कॉलर लांब निघाली तर कानशीने घासून उंची जुळवा. आखूड निघाली तर वापरू नका.

बसवण्याचा क्रम असा ठेवा. आधी सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे लावा, एकही आवळू नका. मग मधल्यापासून बाहेर आवळत जा. शेवटचा बोल्ट भोकात आणण्यासाठी फेअरिंग ओढावी लागली, तर तिथेच थांबा. ओढून लावलेली फेअरिंग सतत ताणाखाली असते. उन्हात उभी राहिली, खड्ड्यात आपटली, की तो ताण तड्यातून बाहेर पडतो. अशा वेळी प्लास्टिक वाकवायचं नसतं, ब्रॅकेट जुळवायचं असतं. ब्रॅकेटचं भोक कानशीने लांबट करा. प्लास्टिकचं भोक मोठं करण्याची घाई करू नका, ते परत लहान होत नाही.

काचेचे स्क्रू रबरी नटात बसतात, म्हणजे रबराच्या बुचात पितळी आटे. ते आवळताना रबर फुगून काच धरतं. स्क्रू ड्रायव्हर दोन बोटांत धरून आवळला तेवढा जोर पुरे.

आणि एक सूचना ठळक अक्षरात असावी अशी: बोल्ट सैल होतो म्हणून त्यावर थ्रेड लॉकरचे (आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकू नका. लोखंडात लोखंड असेल तिथे ते औषध उत्तम, पण एबीएस प्लास्टिकवर ओघळलं की प्लास्टिक आतून ठिसूळ होतं आणि कोणताही मार न लागता भोकाभोवती जाळं पडतं. पेट्रोल आणि थिनर त्याच माळेचे मणी, म्हणून फेअरिंग पेट्रोलच्या फडक्याने पुसायची नाही. बोल्ट सुटतच असेल तर नायलॉनवाला नट लावा.

५. गेलेला तडा

आधी प्लास्टिक ओळखा. फेअरिंगच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं कोरलेली असतात, एबीएस किंवा पीपी, ही प्लास्टिकच्या दोन जातींची नावं. काहीच नसेल आणि आतून जाळीसारखे धागे दिसत असतील तर ती फायबरची आहे.

तड्याच्या अगदी टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा. टोकाची धार गोल झाली की ताण एका बिंदूवर साचत नाही आणि तडा तिथे थांबतो. नंतरची दुरुस्ती आतल्या बाजूने. एबीएसला त्याच प्लास्टिकचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला घट्ट लगदा लागतो, आत स्टीलची बारीक जाळी दिली तर जोड मूळ प्लास्टिकच्या तोडीचा होतो. अ‍ॅसिटोन भुर्रकन पेट घेतं. मोकळ्या हवेत, आगीपासून लांब काम करा. फायबरला रेझिन आणि ग्लास मॅट. पीपीवर गोंद चिकटत नाही, ते प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडेच न्या. एम-सीलचा लेप लावलेल्या फेअरिंग बऱ्याच दिसतात. प्लास्टिक लवतं, एम-सील लवत नाही, म्हणून पहिल्या पावसाळ्यात तो खपलीसारखा सुटतो.

मूळ ताण काढल्याशिवाय तडा सांधला, तर तो शेजारून पुन्हा जाईल. चौथा मुद्दा झाल्याशिवाय पाचव्याकडे येऊ नका.

६. उजेड कुठे पडतो

हे काम खरं तर डूम उतरवण्याआधी सुरू व्हायला हवं. भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, गाडीवर नेहमीचा माणूस बसलेला. लो बीमची वरची कड भिंतीवर खडूने आखून ठेवा. नवी फेअरिंग बसल्यावर तीच चाचणी. जुनी खूण नसेल तर दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजा. ५ मीटरवर लो बीमची कड त्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. केंद्रीय मोटार वाहन नियमांची कसोटीही लक्षात ठेवण्याजोगी आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवता कामा नये.

उजेड वर-खाली असेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवा. स्क्रू संपला तरी उजेड वरच असेल, तर दोष दिव्यात नाही, अख्खी फेअरिंग मागे झुकून बसली आहे. वरच्या ब्रॅकेटखाली वायसर देऊन ती पुढे झुकवा.

आणि एक सवय मोडावी लागते. १५० वर हँडल वळलं की उजेड वळतो. नव्या रचनेत वळत नाही. रात्री अंधाऱ्या गल्लीत हळू वळताना समोरचं दिसत नाही. हा बिघाड नाही, ही रचनाच तशी आहे. घाटात रात्री जाणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं.

दिव्याच्या आत सकाळी धुकं येऊन दिवा लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जात असेल तर सोडून द्या. थेंब साचत असतील तर मागचं रबरी बूट आणि हवेच्या नळीचं तोंड पाहा, ते खालीच हवं. सगळीकडून सिलिकॉन भरून दिवा बंद केला तर आतली वाफ आतच अडकते.

७. वायरिंग

हँडल वळवल्यावर हॉर्न वाजणं किंवा इंजिन बंद पडणं याचा अर्थ स्विचची वायर ताणली जातेय किंवा कुठे सोलली आहे. इग्निशन चालू ठेवून हँडल टोकाला न्या आणि एकेक जुडगा हाताने हलवा. दोष जिथे जागा होतो तिथे सोला आणि पाहा. बहुतेक वेळा सापडते ती ब्रॅकेटच्या धारदार पत्र्यावर घासलेली वायर. धार कानशीने मारा, त्यावर चिरलेली रबरी नळी चढवा, आणि स्विचच्या वायरींना हँडलच्या पाइपाजवळ एक सैल वळसा द्या. हँडल फिरताना वायर वळली पाहिजे, ओढली जाऊ नये.

आता दिव्याचा भार. १५० चा मूळ बल्ब ३५ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ३ अँपिअर. २२० चा ५५ वॅटचा, म्हणजे साडेचार अँपिअरच्या वर. जुनी वायर आणि जुना स्विच त्या तीनसाठी आहेत. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर दिवा कायम चालू असतो, म्हणून त्या गाड्यांवर हा वाढीव भार इंजिन चालू असेपर्यंत सतत राहतो. स्विचचं प्लास्टिक मऊ होतं, कप्लर तपकिरी पडतो, उजेड पिवळा होतो.

इंजिन चालू, दिवा चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर व्होल्टेज घ्या, मग दिव्याच्या कप्लरवर. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर वाटेत व्होल्टेज पडतंय. उपाय म्हणजे रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या धनापासून १० अँपिअरचा फ्यूज, १.५ चौरस मिलिमीटरची वायर, चार पायांचा रिले: ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८६ वर जुन्या दिव्याच्या वायरीचा इशारा, ८५ अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कोणाचंच संरक्षण नसतं. लो आणि हायसाठी वेगळे रिले लागतात.

एवढं करूनही बॅटरी रोज उतरत असेल तर गाडीच्या चार्जिंगला हा भार पेलत नाही. आणि फ्यूज दोनदा उडाला तर तिसरा मोठा फ्यूज लावू नका, तारेचा तुकडा तर अजिबात नाही. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

८. ब्रॅकेट

इथपर्यंत सगळं ठीक असूनही फेअरिंग थरथरते, आरशात मागचं दिसत नाही, तडे आरशाच्या बुडाशीच येतात, तर ब्रॅकेट कमी पडतंय. २२० वर आरसे फेअरिंगवर दिसतात खरे, पण त्यांचा बोल्ट प्लास्टिकमधून आरपार जाऊन ब्रॅकेटच्या कानांत बसतो. हात लागला, वारा लागला, तरी भार लोखंडावर जातो. घरगुती ब्रॅकेटला हे कान बहुतेकदा नसतात. मग दोन आरशांचं वजन आणि त्यांची थरथर प्लास्टिक एकटं सोसतं. असे कान करून घ्या, किंवा आरसे परत हँडलवर न्या. नुसत्या वायसरने हा प्रश्न सुटत नाही.

सरळपणा दोरीने मोजता येतो. हँडल सरळ ठेवून मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासून दोन्ही आरशांच्या भोकांपर्यंतचं अंतर घ्या. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे ब्रॅकेट वाकडं आहे किंवा सरकलं आहे. क्लॅम्पवर बसवलेलं ब्रॅकेट सरकतंय का हे कळायला क्लॅम्प आणि चेसिस यांवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. आठवड्याने रेघ तुटलेली दिसली की उत्तर मिळालं. क्लॅम्पखाली रबराची पट्टी लागतेच, नाहीतर रंग घासून गंज धरतो.

पल्सरचा चेसिस नंबर हँडलच्या पाइपाजवळ कोरलेला असतो. ब्रॅकेट, क्लॅम्प किंवा वेल्डिंग त्यावर येता कामा नये.

वेल्डिंगविषयी स्पष्ट सांगायचं तर हँडलच्या पाइपावर वेल्डिंग करू नका. गाडीच्या पुढच्या चाकाचा सगळा मार तिथे येतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं लोखंड कमकुवत होतं. तडा रंगाखाली वाढतो आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बोल्टने बसणारी आणि बोल्टने निघणारी रचनाच करा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

९. वेगात हँडल डुलणं

प्रथम टायरची हवा. मग पुढचं चाक उचला, शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. टक असा आवाज किंवा झोल जाणवला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) सैल आहे. चाक हवेतच ठेवून हँडल हळूच एका बाजूला सोडा. ते स्वतःच्या वजनाने सरकत गेलं पाहिजे. मधोमध खाचेत बसल्यासारखं थांबलं तर कोनसेटला खड्डे पडलेत. हे दोष आधीचेच असतात, फेअरिंगचं वाढलेलं वजन ते फक्त उघडे पाडतं.

कोनसेट ठीक असेल तर फेअरिंग कशाला धरली आहे ते पाहा. ब्रॅकेट हँडलला किंवा शॉकअपला बांधलेलं असेल, तर काचेवर येणारा वारा सरळ हँडल ढकलतो. शेजारून ट्रक गेला की तो धक्का तुमच्या मनगटात येतो. एवढी मोठी काच चेसिसवरच धरायला हवी. डुलणं किती वाढतं हे बघायला वेग वाढवून पाहू नका. काच काढून, रस्त्यावर न जाता मोकळ्या मैदानात ४० च्या वेगात एक फेरी मारा आणि हँडलचा हलकेपणा गेला का ते बघा.

इथे थांबा

ब्रेकचा होज ताणतोय. कोनसेटमध्ये झोल आहे. चेसिसवर, विशेषतः आधी कोणी वेल्डिंग केलेल्या जागी, रंगात बारीक रेघ किंवा गंजाचा ओघळ दिसतोय. गाडी समोरून आपटलेली आहे आणि ब्रॅकेट कितीही वाकवलं तरी दोन बाजू जुळत नाहीत. वायरीचं वेष्टण वितळलेलं आहे. यातलं काहीही असेल तर फेअरिंग उतरवा, जुनं डूम परत चढवा आणि गाडी जाणत्याकडे न्या: ब्रेक आणि कोनसेट सर्व्हिस सेंटरमध्ये, वायरिंग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे, चेसिस फक्त अलाइनमेंटचं जिग असलेल्याकडे. म्हणूनच जुनं डूम, त्याचे बोल्ट आणि रबरं भंगारात देऊ नका. एका पिशवीत घालून, कोणता बोल्ट कुठला हे चिठ्ठीवर लिहून माळ्यावर ठेवा.